परदेशी पैशातल्या प्रकल्पाचा आराखडा नेमका कोण ठरवतं?

तेरणाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या गावाचं नाव पोकराच्या, म्हणजे जागतिक बँकेच्या कर्जातल्या शेती प्रकल्पाच्या, दुसऱ्या टप्प्यात आलंय. तेव्हापासून स्टँडवरच्या हॉटेलात रोज एकच वाद. एक गट म्हणतो, "सगळं तिकडं वॉशिंग्टनला बँकेत ठरलंय, आपल्याला नुसतं फोटोला बोलवायलेत." दुसरा गट कृषी सहायकांचा हवाला देतो, की शिवारफेरी होणार, गाव बसून आराखडा करणार, ग्रामसभा मंजूर करणार.

मला दोन्ही पटत नाहीत. बैठकीत आम्ही ओढ्यावरचा पूल मागितला. पावसाळ्यात पलीकडच्या वावरातला माल निघत नाही हो. तर म्हणाले, पूल यादीत बसत नाही. बरं, मग ती यादी कुणी केली? आमच्या आधी कोण कोणाशी बसलं होतं?

आणि हे आपल्याकडंच असं आहे का? नेपाळ, भूतान, आफ्रिकेतले देश, तिथं देणारा आणि घेणारा कसे बसतात? जाणकारांनी सांगावं. परीक्षेच्या गाईडातलं उत्तर नको.

मोंढा_नाका
पहिली जागा धरली. चहा सांगा कुणीतरी, धागा लांबणार.

कडू_कारलं
मदत कसली घेऊन बसलात? पोकराचा पहिला टप्पा ४२ कोटी डॉलरचं कर्ज होतं, २०१८ चं. व्याजासकट फेडायचंय. कर्ज काढणारा मी आणि काय पेरायचं ते बँक सांगणार, असा हा मामला. बाकी चालू द्या.

निवृत्त_उपअभियंता
तेरणाकाठ, प्रश्न चांगला आहे. मी जलसंधारणात असताना अशा दोन प्रकल्पांच्या कागदांत बुडालो होतो, त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. महाराष्ट्र सरकारला परदेशातून थेट कर्ज काढता येत नाही. घटनेच्या २९३ व्या कलमानं राज्याला देशाच्या आतच उधारी करता येते. म्हणून राज्याचं खातं एक प्राथमिक अहवाल करतं: अडचण काय, किती जिल्हे, किती पैसे, राज्य स्वतःचा किती वाटा घालणार. तो दिल्लीला अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक कामकाज विभागाकडं जातो. नीती आयोग आणि संबंधित केंद्रीय मंत्रालय त्यावर मत देतं, छाननी समिती बसते. पास झाला तर दिल्ली तो जागतिक बँकेपुढं, आशियाई विकास बँकेपुढं नाहीतर जपानच्या जायका या मदत संस्थेपुढं ठेवते. कोणता प्रस्ताव कोणापुढं ठेवायचा हेही दिल्लीच बघते. बँकेचा पण भारताशी काही वर्षांचा देश आराखडा ठरलेला असतो, त्यात शेती, पाणी, वीज असे विषय आधीच लिहिलेले असतात. प्रस्ताव त्या चौकटीत बसवावा लागतो. तुमचा पूल पहिल्यांदा अडकला तो इथं.

मग बँकेची माणसं येतात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. घटक ठरतात, खर्चाचे तक्ते होतात, खरेदीचे नियम, पर्यावरणाची आणि सामाजिक परिणामांची तपासणी. शेवटी वाटाघाटीला दिल्ली, राज्य आणि बँक एका टेबलाशी बसतात. बँकेच्या संचालक मंडळाची मंजुरी आली की दोन करार होतात. कर्जाचा करार भारत सरकार आणि बँकेचा, प्रकल्पाचा करार राज्य आणि बँकेचा. तुमच्या गावात शिवारफेरी होते ती हे सगळं झाल्यावर. गाव ठरवतं ते कुठल्या गटात शेततळं आणि कुठल्या नाल्यावर बांध. शेततळं की पूल, हे तेव्हा ठरून गेलेलं असतं.

म्हणजे तुमच्या हॉटेलातले दोन्ही गट अर्धे अर्धे बरोबर आहेत. त्यांना एका टेबलावर बसवा आणि चहाचं बिल सरपंचांना द्या.

कडू_कारलं
उपअभियंता साहेब, भारी लिहिलंत. पण पहिला अहवाल राज्याचं खातं करतं म्हणता, तो खरंच खातं करतं की सल्लागार कंपनी? आमच्या पाहण्यातला एक अहवाल तर अर्धा दुसऱ्या राज्याचा उचललेला होता. एका पानावर नारळाच्या बागा होत्या. बीड जिल्ह्यात!

मोंढा_नाका
नारळ फोडला म्हणायचं उद्घाटनाच्या आधीच.

परभणीकर
जगात जर्मनी, भारतात परभणी! जर्मनीचा पैसा महाराष्ट्रात पाणलोटाला आला होता ना? मग परभणीचा मान पहिला पाहिजे होता.

काळी_माती
परभणीकर, आला होता की. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम. त्याची रीत मला बाकीच्यांपेक्षा सरस वाटते, म्हणून सांगते. फादर हर्मन बाखर या धर्मगुरूंनी त्यासाठी धडपड केली. जर्मन सरकारचा पैसा, आपल्याकडून नाबार्ड, आणि गावात एखादी स्थानिक संस्था अशी रचना होती. पण गावाला एकदम मोठं काम मिळत नव्हतं. आधी लहान तुकड्यावर काम करून दाखवायचं, श्रमदान द्यायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. त्यात गाव टिकलं तर पुढचा सगळा पाणलोट. आणि माथ्यावरून कामाला सुरुवात, पायथ्याला नंतर.

तेरणाकाठ, तुम्ही आराखडा कोण ठरवतं विचारलंत. इथं अटी देणाऱ्यांच्या होत्या, पण "आम्हाला हे पाहिजे" म्हणायच्या आधी गावाला अंग झिजवावं लागत होतं. ज्याला नको तो तिथंच गळत होता.

बांधावरचा_बाप्या
चराईबंदी म्हणजे कुणाची बंदी ताई? ज्याला वावर आहे त्याच्या विहिरीला पाणी आलं. ज्याच्याकडं चार शेळ्या आणि वावर नाही, त्यानं काय खायचं? श्रमदान त्यानं केलं आणि पाणी पाटलाला. आमच्या शेजारच्या गावात हेच झालं. ग्रामसभेत हात वर केलेल्यात शेळ्यावाले किती होते, हे कोणत्याच अहवालात नसतंय.

काळी_माती
बाप्या, हा मुद्दा मला मान्य आहे. काही गावांनी भूमिहीनांना चाऱ्याचा वाटा ठरवून दिला, काहींनी नाही दिला. गाव म्हणजे एक माणूस नव्हे, हे आराखडा करणारा विसरतो आणि गावचे पुढारी त्याला आठवण करून देत नाहीत.

किल्लारीची_लेक
हा धागा बघून राहवलं नाही. माझं माहेर किल्लारीच्या भूकंपातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. त्यावर सगळ्यांनी खूप लिहिलंय, मी फक्त आराखड्याचं लिहिते.

महाराष्ट्र सरकारनं दिल्लीमार्फत जागतिक बँकेकडून पुनर्वसनासाठी कर्ज घेतलं. ब्रिटनसारखे देश आणि कितीतरी संस्था वेगळ्या होत्या. गावांचे वर्ग पाडले. पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांना नव्या जागेवर नेऊन बांधायचं ठरलं, आणि कमी पडझड झालेल्या गावांत लोकांनी आपापली घरं जागेवरच दुरुस्त करायची, मजबूत करायची. नव्या गावठाणात घर किती मोठं हे जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. दगडामातीच्या माळवदाखाली माणसं मेलेली, त्यामुळं सिमेंटचं घर म्हणल्यावर कुणी नाही म्हणलं नाही.

नवं गाव आलं ते रुंद रस्त्यांचं, सरळ रेषेतलं. शहरातल्या कॉलनीसारखं. आमच्या जुन्या गावात वाड्याला वाडा लागून होता, आळीतून बाया दिवसभर ये-जा करायच्या, कुणाला न दिसता. नव्या गावात शेजारीण गाठायला उन्हातून मोठा रस्ता ओलांडायचा. कणगी ठेवायला जागा नाही, जनावरं बांधायला जागा नाही. पहिल्या काही वर्षांत लोकांनी घरापुढं पत्रे ठोकून आपलं जुनं घर परत उभं केलं. अजून जाऊन बघा, मूळ घर कुठलं आणि पुढं काढलेलं कुठलं ते लगेच कळतं.

आता दुसरी बाजू. दुरुस्तीच्या गावांत पैसा हप्त्याहप्त्यानं घरमालकाच्या हातात गेला. तिथं बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. त्या घरोघर जायच्या, कॉलममध्ये लोखंड किती, सिमेंट कसं भिजवायचं हे शिकून दुसऱ्यांना सांगायच्या. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था त्यात होती. माझी मामी त्यातली. सातवी शिकलेली बाई कनिष्ठ अभियंत्याला "साहेब, रिंगा लांब पडल्या" म्हणायची.

एकच सरकार, एकच बँक, एकच जिल्हा. एका ठिकाणी घर मिळालं आणि एका ठिकाणी घर बांधलं. मामी अजून त्याच घरात राहते, आम्ही मात्र पत्र्यात.

निवृत्त_उपअभियंता
ताई, मनापासून लिहिलंत. फक्त एक गोष्ट जोडतो. गाव हलवा ही मागणी तेव्हा लोकांचीच होती. जुन्या जागेवर पाय ठेवायला कुणी तयार नव्हतं, रोज धक्के बसत होते. म्हणजे लोकांना विचारलं नाही असंही नाही.

किल्लारीची_लेक
काका, विचारलं कधी, तेही बघा. प्रेतं उचलून झाली नव्हती तेव्हा विचारलं तर माणूस म्हणणारच, इथून न्या आम्हाला. गाव कुठं न्यायचं ते घाईत ठरलं, समजू शकते. पण आळ्या कशा ठेवायच्या, कोण कोणाशेजारी राहणार, हे सहा महिन्यांनी परत विचारता आलं असतं. त्यासाठी काही डॉलर लागत नव्हते.

हुरडा_पार्टी
अवांतर: आमची आजी ७२ च्या दुष्काळातली लाल मिलो सांगायची. अमेरिकेची ज्वारी. तिची भाकरी थापताना तिथंच तुटायची, आणि शाळेत सुकडी. आजी म्हणायची, "देणाऱ्यानं दिलं, पण त्याच्या घरी भाकरी थापत नसतील." त्यामुळं यंदा हुरड्याला कोण कोण येतंय ते सांगा, बियाणं देशी आहे.

मोंढा_नाका
आणि त्या अमेरिकन गव्हाबरोबर गाजरगवत आलं म्हणतात, ते विसरला. तेवढी एकच मदत आहे जी शेवटच्या बांधापर्यंत पोचली आणि अजून चालू आहे.

परभणीकर
हुरड्याला मी. गूळ आणि चटणी माझ्याकडून.

संपादक_मंडळ
हुरड्याचा वेगळा धागा काढा. इथं विषयावर या.

थिंफू_ते_तुळजापूर
भूतानचं मी सांगू शकतो. तिथल्या जलविद्युत प्रकल्पावर ठेकेदाराकडून कामाला होतो. तिथं देणारा आपण, म्हणजे भारत.

भूतानच्या पंचवार्षिक योजना १९६१ पासून. पहिल्या दोन योजनांचा सगळा पैसा भारताचा होता. आता तसं नाही. आता योजना ते स्वतः करतात, गेवोग म्हणजे त्यांच्याकडची ग्रामपंचायत समजा, तिथून मागण्या वर जातात. मग दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांच्या योजना-वार्ता होतात, त्यात कुठला प्रकल्प भारताच्या पैशात बसवायचा ते ठरतं. तेराव्या योजनेला, म्हणजे २०२४ ते २०२९, भारतानं १०,००० कोटी कबूल केलेत. बाराव्या योजनेला ४,५०० कोटी होते. पैसा तीन-चार वाटांनी जातो. मोठ्या प्रकल्पांना बांधलेला, गावपातळीच्या छोट्या कामांना वेगळा, आणि काही थेट त्यांच्या अंदाजपत्रकात, तो ते त्यांच्या मर्जीनं वापरतात.

फरक असा की यादी त्यांची, आणि आपण त्यातून निवडतो. अर्थात जलविद्युतचं तसं नाही. वीज आपल्यालाच विकायची असते, तर प्रकल्प कुठला आणि कधी यात आपलं पारडं जड. चहाच्या टपरीवर भूतानी पोरं हेच बोलायची, फक्त आपल्यासमोर नाही.

कडू_कारलं
म्हणजे भारत तिथं वॉशिंग्टन. आणि तिथंही कुणीतरी तेरणाकाठ पूल मागत बसला असेल.

थिंफू_ते_तुळजापूर
पूल मिळतो हो तिथं. छोट्या कामांच्या वाटेत पूल, पाण्याची योजना, शेतरस्ते हेच असतं. म्हणून तर म्हणतो, एक वाट अशी मोकळी ठेवावी लागते.

अभ्यासिकेतला_पोऱ्या
सरांनी गाईडातलं नको म्हणलंय, तरी थोडं टाकतो. २००५ चा पॅरिस जाहीरनामा याच भांडणातून आला. योजना घेणाऱ्या देशाची असावी, पैसा त्याच्याच व्यवस्थेतून जावा, दात्यांनी आपसात ताळमेळ ठेवावा, निकाल मोजावेत, आणि जाब दोघांनी द्यावा. रवांडानं २०१० मध्ये तर दात्यांची वाटणीच केली, प्रत्येकानं तीनच क्षेत्रांत काम करायचं. त्याआधी सगळ्यांना आरोग्यातच यायचं होतं.

आणि भारतानं २००३ मध्ये लहान दात्या देशांना सांगितलं की सरकारी मदत थांबवा, मोजक्याच देशांकडून घेऊ. म्हणजे घेणारा नाही म्हणू शकतो, पण त्याला तेवढं वजन पाहिजे.

बांधावरचा_बाप्या
रवांडातल्या सरकारला वजन असेल, पण तिथल्या शेतकऱ्याला कुणी विचारलं का? देशाची मालकी म्हणजे मंत्रालयाची मालकी. आमच्यापर्यंत ती येतच नाही. सरदार सरोवर घ्या. भारत सरकारनं मागितलं, जागतिक बँकेनं १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. दोन्ही बाजू राजी. बुडणाऱ्या गावांना, त्यात आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याची पण गावं, कुणी विचारलं? लोकांनी आंदोलन केल्यावर बँकेनंच नेमलेली मोर्स चौकशी समिती बसली, तिचा अहवाल आला १९९२ मध्ये, आणि १९९३ मध्ये भारतानं उरलेलं कर्ज सोडून दिलं. बँकेकडं तक्रार करायची तपासणी समिती त्याच वर्षी निघाली. ती काय कुणाच्या दयेनं नाही निघाली.

काळी_माती
+१. या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

औंढ्याची_सूनबाई
मी गावच्या पाणी समितीत होते, जलस्वराज्यच्या वेळी. तो पण जागतिक बँकेचाच, २००३ चा. कडू दादा अटींना नावं ठेवतात, पण समितीत निम्म्या बाया ही अट नसती तर मला कुणी घेतलं असतं का? पहिल्या बैठकीला माझे सासरे माझ्या जागी जाऊन बसले होते! बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, "सदस्य कुठंय?" तेव्हा मला बोलावणं आलं.

दहा टक्के लोकवर्गणी होती. गोळा करताना लै शिव्या खाल्ल्या, पण त्यामुळंच लोक हिशोब मागायचे. पाइप हलका आलाय म्हणून दोन म्हाताऱ्यांनी ट्रक परत पाठवला होता.

बिघडलं नंतर. टाकी झाली, नळ आले, आणि मग वीजबिल. बिलाचा विचार आराखड्यात होता, कागदावर पाणीपट्टी लिहिली होती. पण दुष्काळात विहीरच आटली तर पट्टी कोण भरणार? बोअर खोल गेला, मोटार मोठी आली, बिल दुप्पट. बांधकामाला पैसा होता, चालवायला नाही. प्रकल्प बंद झाला की साहेब लोक पण गेले.

लेणी_गाईड
ताई, तुमच्या वीजबिलावरून आठवलं. अजिंठ्याच्या पायथ्याला जपानच्या कर्जातून भव्य पर्यटक केंद्र झालं. २०१३ ला सुरू. आत लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती. कल्पना चांगली होती, मूळ चित्रांवरची गर्दी कमी व्हावी, श्वासाच्या दमटपणानं रंग जातात. पण काही वर्षांत पाणी आणि विजेचं बिल थकलं आणि केंद्राला कुलूप. जपानी पाहुणे विचारायचे, आम्ही काय सांगणार? "दुरुस्ती चालू आहे."

त्याच पैशातलं काय चाललं ते पण सांगतो. गाड्या खाली थांबवायच्या आणि लेण्यांपर्यंत बसनं जायचं, ही सोय टिकली. कारण तिला रोजचं तिकीट आहे.

निवृत्त_उपअभियंता
गाईड दादा आणि सूनबाई, दुखण्यावर बोट ठेवलंत. कर्जाचा पैसा बहुतेक उभारणीला असतो. चालवण्याचा खर्च राज्यानं किंवा गावानं करायचा, असं करारात एका ओळीत लिहिलेलं असतं. वाटाघाटीत घेणाऱ्याला कर्ज पाहिजे असतं, देणाऱ्याला कर्ज द्यायचं असतं. त्या ओळीवर भांडणारा त्या खोलीत कुणीच नसतो.

अजून एक. बँक पैसा आगाऊ हातावर ठेवत नाही सहसा. राज्यानं आधी खर्च करायचा, मग हिशोब दिल्लीला पाठवायचा, मग बँकेकडून तो पैसा राज्याला परत. हीच रीत खाली उतरली. पोकरात शेतकऱ्याला आधी पूर्वसंमती, मग स्वतःच्या पैशानं ठिबक किंवा शेडनेट घ्यायचं, मोका तपासणी झाली की अनुदान खात्यावर. मधल्या दलालाचा कमिशनचा धंदा त्यानं बराच मोडला, हे मान्य करायला पाहिजे.

बांधावरचा_बाप्या
मोडला खरा. पण आधी पैसा घालायला ज्याच्याकडं पैसा आहे त्यालाच जमलं. आमच्याकडं दोघांनी सावकाराकडून उचलून शेडनेट घातलं, अनुदान येईस्तोवर व्याज चढलं. एकानं तर पूर्वसंमती आलेली तशीच सोडून दिली. कागदावर तो "इच्छुक नाही".

तेरणाकाठ
सगळ्यांचे आभार. बाप्या, "इच्छुक नाही" वाचून आमच्या गावातली चार नावं डोळ्यापुढं आली.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे. पूल मिळणार नाही हे कळलं. मग आता आमच्या हातात काय आहे, तेवढं सांगा. नुसता अंगठा द्यायला जायचं असेल तर लोक येणार नाहीत, सोयाबीनची रास चालू आहे.

काळी_माती
पाण्याचा ताळेबंद मागा. पोकरासाठी आयआयटी मुंबईनं गावाच्या पाण्याचा हिशोब काढायची पद्धत करून दिली आहे. पाऊस किती, पिकं किती पितात, उरतं किती. तो ताळेबंद फळ्यावर लिहायला लावा, आणि मग विचारा की एवढ्या पाण्यात अजून किती शेततळी भरणार. तो हिशोब न बघता सगळ्यांनी शेततळं मागितलं तर खालचे ओढे कोरडे.

औंढ्याची_सूनबाई
आणि प्रत्येक कामापुढं एक रकाना वाढवून घ्या: तीन वर्षांनी याचा खर्च कोण करणार. नाव लिहून घ्या. पद नको, "ग्रामपंचायत" असं पण नको.

कडू_कारलं
नाव लिहिलं की निम्मी कामं आपोआप गळतील. बघाच.

निवृत्त_उपअभियंता
पुलाची आशा एकदम सोडू नका. तो ठराव स्वतंत्र करून जिल्हा नियोजनाकडं द्या, त्याला बँकेची यादी आड येत नाही. आणि पोकराबद्दल: अशा प्रकल्पांचा मध्यावर आढावा होतो, तेव्हा घटक बदलता येतात, पैसा इकडचा तिकडं होतो. तेव्हा गावांचे ठराव फायलीत असले तर उपयोग होतो. ठरावात "बसत नाही असे सांगण्यात आले" हे वाक्य घालाच.

प्रकल्पाचा मूळ मूल्यांकन अहवाल बँकेच्या संकेतस्थळावर उघडा असतो. उतरवून घ्या.

तेरणाकाठ
उतरवला काका. शंभराच्या वर पानं, सगळी इंग्रजीत. पुतण्या वाचून सांगतोय, पण खर्चाच्या तक्त्यापाशी अडकलाय.

निवृत्त_उपअभियंता
तक्त्याचे फोटो काढून मला खासगी निरोपात टाका. मराठीत करून देतो, ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मिळेल. आणि शेळ्यावाल्यांना पण बोलवा, बाप्या म्हणतोय ते.

बांधावरचा_बाप्या
सभा संध्याकाळी ठेवा मग. दिवसा ते रानात असतेत.